तूट नेमकी कोणाची? पुण्यातील मराठी संपादकांना खुले पत्र

प्रति,
पुण्यातून निघणाऱ्या मराठी दैनिकांचे संपादक, सहसंपादक आणि अग्रलेखक यांस,

सप्रेम नमस्कार.

पुण्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी एकतीस वर्षे अर्थशास्त्र शिकवले आणि त्याहून कितीतरी जास्त वर्षे आपली दैनिके वाचत आलो. मी वर्गात जे बोललो आणि आपण अंकात जे छापले, त्यातून या शहराचे पैशाअडक्याच्या प्रश्नांवरचे मत बऱ्याच अंशी घडले, हे निवृत्तीनंतर मला प्रकर्षाने जाणवू लागले आहे. म्हणून हे पत्र तक्रारीचे नाही. एकाच कामातल्या एका भागीदाराने दुसऱ्याशी बोलावे तसे ते लिहीत आहे. विषय एका शब्दाचा आहे आणि तो शब्द म्हणजे ‘तूट’.

महापालिकेच्या अंदाजपत्रकाचे दिवस आले की शहराची बससेवा चालवणाऱ्या पीएमपीची संचलन तूट किती कोटींवर गेली, ही बातमी ठरलेली असते. २००७ मध्ये पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या बससेवांचे विलीनीकरण होऊन पीएमपी झाली. तिची तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिका साठ-चाळीस या प्रमाणात भरून देतात. बातमीत त्यासाठी ‘बोजा’ हा शब्द हमखास येतो, आणि अग्रलेखात कंपनी ‘स्वतःच्या पायावर कधी उभी राहणार’ हा प्रश्न. जून २०२५ मध्ये भाडेवाढ झाली, तेव्हा पहिल्या टप्प्याचे भाडे ५ रुपयांवरून १०, दैनंदिन पास ४० रुपयांवरून ७० आणि मासिक पास ९०० रुपयांवरून १,५०० झाला. नाराजी उमटली, पण भाडेवाढ अपरिहार्य होती, हे मात्र जवळजवळ सर्वांनी धरून चालल्यासारखे होते.

आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताई कात्रजच्या पलीकडून दोन बस बदलून कोथरूडला येतात. भाडेवाढ झाली त्या आठवड्यात त्यांनी कणीक मळता मळता हिशेब केला की पासाचे सहाशे रुपये वाढले म्हणजे एका घरच्या पोळ्यांचा निम्मा पगार गेला. मी म्हणालो, हे बरोबर नाही, याविरुद्ध बोलायला हवे. त्यांनी परातीतून मान वर न करताच उत्तर दिले, “काका, बस तोट्यात चाललीय म्हणे. मग वाढवणारच ना ते.” हे वाक्य मला आजही सोडत नाही. ज्या बाईचा पगार कापला गेला, तिनेच कापणाऱ्याची बाजू मांडली, आणि तीही आपण आणि मी तिला दिलेल्या शब्दांत.

कारण ‘तूट’ हा शब्द आपण बसलाच लावतो, रस्त्याला लावत नाही. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० च्या टाळेबंदीत पाडण्यात आला, तेव्हा तो बांधून पंधरा वर्षेही झाली नव्हती. त्या पुलावर झालेला खर्च, तो पाडण्याचा खर्च, आणि त्या जागी उभ्या राहिलेल्या दुमजली पुलाचा खर्च यांची बेरीज करून ‘पुलाची संचलन तूट’ असा मथळा कोणत्याही दैनिकात आल्याचे मला आठवत नाही. कोणत्या वाहनचालकाने त्या पुलावरून जाण्यासाठी किती भरले आणि महापालिकेने किती सोसले, हा हिशेब मांडलाच जात नाही. पुलावरचा पैसा ‘विकास’ या सदरात जातो आणि बसवरचा ‘बोजा’ या सदरात. २०१८ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने रस्त्यावरच्या पार्किंगला शुल्क लावण्याचे धोरण मंजूर केले, निवडक पाच रस्त्यांपासून सुरुवात करायची असे ठरले, आणि मग ते वर्षानुवर्षे कागदावरच राहिले. शहरातील सर्वांत महाग जमिनीवर दिवसभर मोटार फुकट उभी करता येणे हेही एक अनुदानच आहे. ज्याने वापरले त्याने मोल द्यावे, हे तत्त्व खरे असेल तर ते आधी मोटारवाल्याला लागू व्हायला हवे होते. ते बसमधल्या ताईंना लागू झाले.

सरकारने बाजूला सरावे, बाजाराला वाट द्यावी आणि सेवेचे मोल ज्याने त्याने मोजावे, हा विचार आपल्याकडे कसा रुजला, हे सांगितल्याशिवाय माझे म्हणणे अपुरे राहील. अर्थशास्त्राच्या भाषेत याला नवउदारमतवाद म्हणतात. महाराष्ट्रातील चळवळी त्याला ‘खाउजा’, म्हणजे खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण, म्हणतात. पहिला शब्द जड आहे आणि दुसरा घोषणेचा, त्यामुळे या विचाराचा प्रवास सामान्य वाचकापुढे कधी नीट आलाच नाही. १९३८ मध्ये पॅरिसला आणि मग एप्रिल १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँ पेलरँ या गावी काही विचारवंत एकत्र जमले. अर्थतज्ज्ञ फ्रीडरिक हायेक हे त्यांचे अग्रणी. महामंदी आणि महायुद्ध यांच्यानंतर जगभर सरकारी नियोजनाचे वारे होते आणि ही मंडळी अल्पमतात होती. त्यांनी ना पक्ष काढला, ना निवडणूक लढवली. अँटनी फिशर हा इंग्रज उद्योजक राजकारणात उतरण्याचा सल्ला विचारायला गेला, तेव्हा हायेक यांनी त्याला त्यापासून परावृत्त केले आणि जनमत घडवणाऱ्यांपर्यंत पोहोचण्याचा मार्ग दाखवला. त्यातूनच १९५५ मध्ये लंडनमधली एक अभ्याससंस्था उभी राहिली. राजकारणी नेहमी मागून येतात, आधी हवा बदलावी लागते, ही त्यामागची धारणा होती. १९४९ च्या एका निबंधात हायेक यांनी ही हवा बदलणारी माणसे कोण, हेही स्पष्ट लिहिले आहे: मूळ विचार करणारे नव्हेत, तर दुसऱ्याचे विचार लोकांपर्यंत पोहोचवणारे, म्हणजे पत्रकार, शिक्षक, लेखक, व्याख्याते.

म्हणजे आपण आणि मी. हे वाचल्यावर मला राग आला नाही, उलट स्वतःच्या कामाचे वजन कळले. त्या माणसांनी पंचवीस-तीस वर्षे धीर धरला. १९७४ मध्ये हायेक यांना आणि १९७६ मध्ये त्यांच्याच विचाराचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांना नोबेल मिळाले. १९७३ च्या लष्करी उठावानंतर चिलीमध्ये शिकागोत शिकलेल्या अर्थतज्ज्ञांनी हे धोरण बंदुकीच्या आधाराने राबवले; १९८१ मध्ये तिथली निवृत्तिवेतन व्यवस्थाही खासगी निधींकडे सोपवण्यात आली आणि त्यातून फक्त लष्कर आणि पोलीस यांना वगळण्यात आले. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर ब्रिटनच्या पंतप्रधान झाल्या. अर्थशास्त्र ही केवळ पद्धत आहे, उद्देश माणसाचे हृदय आणि आत्मा बदलण्याचा आहे, असे त्यांनी १९८१ च्या एका मुलाखतीत उघडपणे सांगितले होते. परातीवरून आलेले ते वाक्य ऐकताना मला हेच आठवले. या विचाराचे खरे यश निर्गुंतवणुकीच्या आकड्यांत मोजायचे नसते. ते माणसे स्वतःच्या नुकसानीचे समर्थन कोणत्या शब्दांत करतात त्यात मोजायचे असते.

इथे एक गोष्ट प्रांजळपणे मांडली पाहिजे. अर्थव्यवस्था खुली करणाऱ्या २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पानंतर मी वर्गात अतिशय उत्साहाने शिकवत होतो, आणि तो उत्साह खोटा नव्हता. आमच्या घरी दूरध्वनी यायला नऊ वर्षे लागली. आकुर्डीत तयार होणारी स्कूटर आकुर्डीपासून दहा मैलांवरच्या माणसाला नोंदणी करून वर्षानुवर्षे मिळत नव्हती. परवान्यांच्या राज्याने सामान्य माणसाचा जो अपमान केला तो मी विसरलेलो नाही. शिवाय महाराष्ट्रात खुल्या बाजाराची मागणी परदेशातूनच आली असे म्हणणेही चुकीचे ठरेल. ती पुण्याजवळच्या चाकणच्या कांदा उत्पादकांकडूनही आली. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी १९८० च्या चाकण आंदोलनापासून ‘शेतमालाला रास्त भाव’ ही एककलमी मागणी लावून धरली आणि सरकार शेतकऱ्याला अनुदान देत नाही, उलट भाव पाडून त्याच्याकडून वसूल करते, हे आकड्यांनिशी मांडले. त्यांच्या त्या मांडणीला समाधानकारक उत्तर मला आजवर मिळालेले नाही.

पण पुढे काय झाले ते पाहावे. बाजार खुला झाला तो कोणासाठी? १९९३ मध्ये राहुल बजाज आणि इतर उद्योगपतींनी परदेशी स्पर्धेपुढे समान संधीची मागणी केली, कारण आतली बंधने उठणे त्यांना हवे होते, पण बाहेरच्यांना मोकळे रान देणे त्यांना मान्य नव्हते. त्यांची बाजू ऐकून घेतली गेली, त्यावर गांभीर्याने चर्चा झाली. कांदेवाल्याच्या वाट्याला मात्र ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातशुल्क आले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सरळ निर्यातबंदी. मुक्त बाजाराचे सर्वांत प्रामाणिक मागणीकर्ते ज्या शिवारात होते, तिथे तो कधी पूर्णपणे पोहोचलाच नाही.

हिंजवडीचेही तसेच. माझे कितीतरी विद्यार्थी तिथे आहेत आणि त्यांच्या यशाचा मला अभिमान आहे. त्यांतले बहुतेक जण म्हणतात की हा उद्योग वाढला कारण सरकारने त्यात हात घातला नाही. पण ती जमीन महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने शेतकऱ्यांकडून संपादित केलेली आहे. सॉफ्टवेअर निर्यातीला सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्कच्या योजनेखाली मिळालेली आयकर सवलत मार्च २०११ पर्यंत चालू होती. आणि पुण्यात संगणकाचे वातावरण तयार करणारी सी-डॅक ही सरकारी संस्था १९८८ पासून इथे आहे. त्यांना शिकवणारी अभियांत्रिकी महाविद्यालये बहुतेक विनाअनुदानित, हे खरे, आणि महाराष्ट्रात ते दार १९८३ मध्ये, म्हणजे दिल्लीच्या आठ वर्षे आधी, वसंतदादा पाटील यांच्या सरकारने उघडले. त्या दाराने खेड्यातली मुले इंजिनिअर झाली आणि त्याच दाराने शिक्षण ही विकत घ्यायची वस्तू आहे हे आपल्या अंगवळणी पडले. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. सरकारने घातलेला पाया दिसेनासा होतो आणि वर उभे राहिलेले घर मात्र स्वकष्टाचे वाटते, हा दृष्टिदोष आहे आणि तो दुरुस्त करणे हे आपले काम होते.

हे सारे ज्या शहरात घडले त्या शहराचा इतिहास वेगळे सांगतो, म्हणून मला अधिक वाईट वाटते. २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात जी सभा स्थापन झाली तिचे नाव ‘सार्वजनिक सभा’ होते. गणेश वासुदेव जोशी यांना लोक ‘सार्वजनिक काका’ म्हणत आणि ती पदवी आदराची होती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात धान्यव्यापारात सरकारने ढवळाढवळ करायची नाही, हे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या सरकारचे धोरण होते; दख्खनमध्ये माणसे मरत होती आणि देशातून धान्याची निर्यात चालू होती. जानेवारी १८७७ मध्ये त्या सरकारचे दुष्काळासाठीचे प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या माणसाची दिवसाची मजुरी एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली. तिजोरीची काटकसर आणि मजुराला आळशी होऊ न देणे, ही त्यामागची कारणे होती, आणि ती आजच्या वाचकालाही ओळखीची वाटतील. त्या वेळी सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती जमवून अहवालांमागून अहवाल सरकारला धाडले. पुढे १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातल्या व्याख्यानात न्यायमूर्ती रानडे यांनी स्पष्टच सांगितले की इंग्लंडच्या परिस्थितीतून निघालेले अर्थशास्त्राचे सिद्धांत त्रिकालाबाधित नसतात, आणि जिथे एकट्यादुकट्याचे प्रयत्न पुरे पडत नाहीत तिथे राज्यसंस्थेने पुढे व्हायचे असते. सरकारने बाजूला सरावे, बाजार आपोआप वाट काढेल, या म्हणण्याला तर्कशुद्ध उत्तर याच गावात, सव्वाशे वर्षांपूर्वी दिले गेले होते.

रानड्यांच्याही दहा वर्षे आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुले यांनी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे पुण्यातूनच निवेदन दिले. वरच्या वर्गाला शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हे सरकारी धोरण होते. सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि खर्च मात्र वरच्यांच्या उच्च शिक्षणावर होतो, असा फुल्यांचा आक्षेप होता आणि प्राथमिक शिक्षण बहुजनांना सक्तीने द्यावे, अशी त्यांची मागणी होती. आज संपत्तीबद्दल आपण जो ‘झिरप सिद्धांत’ शिकवतो, तो विद्येबद्दल त्यांनी तेव्हाच खोडून काढला होता. मी हा सिद्धांत एकतीस वर्षे फळ्यावर लिहिला आणि त्याच्या शेजारी फुल्यांचे नाव एकदाही लिहिले नाही, याची मला खंत आहे. आणि ज्या वर्षी माँ पेलरँची बैठक झाली, त्याच १९४७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात म्हटले होते की राज्याच्या नियंत्रणापासून मिळणारे स्वातंत्र्य हे खासगी मालकाच्या हुकूमशाहीचेच दुसरे नाव आहे. एका बाजूला हायेक, दुसऱ्या बाजूला आंबेडकर, एकच वर्ष. आपल्या पाठ्यपुस्तकांत आणि अग्रलेखांत ही जोडी समोरासमोर यायला हवी होती.

अशा परंपरेच्या गावात आज ‘सार्वजनिक’ हा शब्द कोणत्या शब्दांबरोबर येतो? सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक रुग्णालय, सार्वजनिक वाहतूक. शब्द ऐकताच नाकाला रुमाल लावावासा वाटावा, अशी त्याची अवस्था झाली आहे. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात करोनाचे राज्यातले पहिले दोन रुग्ण आढळले, तेव्हा त्यांना दाखल करून घेतले ते महापालिकेच्या नायडू रुग्णालयाने, आणि त्यांचे नमुने तपासले ते राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. मे महिन्यात राज्य सरकारला खासगी रुग्णालयांच्या ऐंशी टक्के खाटा ताब्यात घेऊन दर ठरवून द्यावे लागले. त्या दिवसांत आपल्या अंकांत नायडूच्या परिचारिकांविषयी आदराने लिहून आले होते. वर्ष-दीड वर्षात तो आदर विरून गेला आणि जुनेच शब्द परत आले.

शब्दांचा हा पक्षपात सर्वांत ठळक दिसतो तो ‘करदाता’ या शब्दात. मार्च २०२३ मध्ये जुन्या निवृत्तिवेतनासाठी राज्यातले कर्मचारी आठवडाभर संपावर गेले, तेव्हा ‘करदात्यांच्या पैशांवर’ हे शब्द कितीतरी लेखांत आणि पत्रांत वाचले. संपावर मतभेद असू शकतात, माझेही आहेत. पण करदाता म्हणजे फक्त आयकर भरणारा, हे कोणी ठरवले? ताई साबण घेतात, तेलाची पिशवी घेतात, मोबाइलचे रिचार्ज करतात, आणि १ जुलै २०१७ पासून त्यातल्या बहुतेक गोष्टींवर जीएसटी भरतात. त्यांची मिळकत जितकी लहान, तितका त्यातला या कराचा वाटा मोठा. तरी बातमीत त्या ‘लाभार्थी’ असतात आणि मी ‘करदाता’.

जुलै २०२२ मध्ये लोकांना फुकट वाटल्या जाणाऱ्या गोष्टींसाठी ‘रेवडी’ हा शब्द राजकारणात आला आणि आपण तो लगेच मथळ्यांत घेतला. २० सप्टेंबर २०१९ रोजी कंपनीकराचा दर तीस टक्क्यांवरून बावीस टक्क्यांवर आणण्यात आला. सरकारच्याच अंदाजाप्रमाणे त्यामुळे वर्षाला १ लाख ४५ हजार कोटी रुपयांचा महसूल सोडावा लागणार होता. त्या दिवशी मथळ्यात ‘रेवडी’ नव्हती, ‘दिवाळी’ होती. मी त्या निर्णयाच्या गुणदोषांत जात नाही. देणगी वर गेली की तिचे नाव ‘प्रोत्साहन’ आणि खाली आली की ‘खिरापत’, हा नियम आपण सगळ्यांनी मिळून पाळला, एवढेच मला म्हणायचे आहे.

राजकारणावर याचा काय परिणाम झाला, तेही पाहावे. पक्ष बदलले, आघाड्या बदलल्या, पण रुग्णालय, शाळा, बस आणि पाणी या गोष्टी सरकारने स्वतः चांगल्या चालवाव्यात, असे ठासून म्हणणारा मोठा पक्ष उरला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये नऊ खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासननिर्णय निघाला आणि ऑक्टोबरमध्ये तो मागे घ्यावा लागला. तेव्हा सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात वाद झाला तो एवढ्यावरच की ही कल्पना मुळात कोणाची. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळांना गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के राखीव जागांतून सूट देणारी अधिसूचना निघाली. ती जुलैमध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. सभागृहात जे बोलले जायला हवे होते ते न्यायालयाला सांगावे लागले. आणि पुण्यात तर मार्च २०२२ ते जानेवारी २०२६ इतका काळ महापालिकेत लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. ‘प्रशासक बरा, नगरसेवक नको’ असे त्या काळात सुशिक्षितांच्या तोंडून मी अनेकदा ऐकले. पासाचे दर वाढले तेही याच काळात, आणि दाद मागायला ताईंना आपला असा कोणी नगरसेवक नव्हता.

याच काळात राज्याने लाडकी बहीण योजना आणली. ऑगस्ट २०२४ पासून ताईंच्या खात्यावर महिन्याला १,५०० रुपये येऊ लागले. मी त्या योजनेला नावे ठेवणार नाही. तो पैसा त्यांच्या हातात पडला, नवऱ्याच्या नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. पण पुढच्या वर्षी बसच्या मासिक पासाची किंमतही १,५०० रुपयेच झाली. सेवा आखडती घ्यायची, तिची किंमत वाढवायची आणि ती विकत घ्यायला रोख रक्कम द्यायची, ही रचना नवउदारमतवादाशी पूर्णपणे सुसंगत आहे. फ्रीडमन यांनी रोख साहाय्याची बाजू साठीच्या दशकातच मांडली होती. रोख रकमेचे श्रेय नेत्याला मिळते, कारण ती एकेकीच्या खात्यावर येते. वेळेवर येणाऱ्या बसचे श्रेय कोणाच्या नावावर जमा होत नाही, म्हणून तिच्यासाठी मत मागायला कोणी जात नाही.

महाराष्ट्राने याहून वेगळे काही केलेच नाही असे नाही. नोकरदारांच्या पगारपत्रकात महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, असा ‘व्यवसाय कर’ कापला जातो. माझाही आयुष्यभर कापला गेला. १९७५ मध्ये हा कर सुरू झाला तो रोजगार हमी योजनेसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या त्या योजनेला पुढे कायद्याचे रूप मिळाले. खेड्यातल्या मजुराला मागेल त्याला काम देण्यासाठी शहरातल्या पगारदाराने दरमहा थोडे द्यायचे, असा तो करार होता, आणि विधिमंडळाने तो एकमताने केला होता. गेल्या दिवाळीत भाचा आला होता, त्याला त्याच्या पगारपत्रकातला तो आकडा दाखवून विचारले, हा कशासाठी? तो म्हणाला, “काहीतरी सरकारी कापाकापी असेल, मामा.” त्याला दोष देत नाही. हा करार होता, हे त्याला सांगायची जबाबदारी माझी आणि आपली होती.

आणखी एक मुलगा डोळ्यांपुढे येतो. सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत तो सरकारी नोकरीच्या स्पर्धा परीक्षेसाठी सहा वर्षे बसत होता. धाराशिवकडचा, तीन एकर कोरडवाहू. माझ्याकडे अर्थशास्त्राच्या शंका घेऊन यायचा. परीक्षा लांबायची, जाहिरातीतल्या जागा कमी निघायच्या, निकाल न्यायालयात अडकायचे. तिसऱ्यांदा मुख्य परीक्षा हुकली तेव्हा माझ्या बैठकीत बसून तो एकच गोष्ट पुनःपुन्हा म्हणत राहिला: “सर, माझीच मेहनत कमी पडली.” लाखो अर्ज आणि काही शे जागा, हे गणित त्याला तोंडपाठ होते, ते मीच शिकवलेले होते, तरी दोष त्याने स्वतःलाच दिला. प्रत्येकाने स्वतःला एक छोटी कंपनी समजावे आणि नफातोटा स्वतःच सोसावा, ही शिकवण त्याच्यात इतकी मुरली होती की जागा का निघत नाहीत हा प्रश्न त्याला राजकीय वाटतच नव्हता. आपल्या करिअर पुरवण्यांत यशस्वी झालेल्यांच्या मुलाखती असतात. त्यांच्याशेजारी भरल्या न गेलेल्या पदांचा तक्ता मी कधी पाहिला नाही.

संपादक महोदय, आपण एखाद्या मताचा पुरस्कार करावा असे माझे मागणे नाही. खासगीकरणाच्या बाजूने अग्रलेख लिहायचा असेल तर जरूर लिहावा; मी तो लक्षपूर्वक वाचेन. माझी विनंती हिशेबाच्या भाषेपुरती आहे. पीएमपीची तूट छापाल त्या दिवशी तिच्या शेजारच्या रकान्यात उड्डाणपुलांवरचा, रस्ता रुंदीकरणावरचा आणि फुकट पार्किंगच्या जागेचा खर्चही छापावा, आणि प्रत्येकाचा दर माणशी हिशेब द्यावा, वाहनामागे नव्हे. ‘करदाता’ लिहिताना साबण घेणारा प्रत्येक जण त्यात धरावा. सार्वजनिक-खासगी भागीदारीची बातमी देताना नफा कोणाचा आणि जोखीम कोणाची, ही एक ओळ तरी करारातून काढून द्यावी. महापालिकेत आता निवडून आलेले सभागृह आहे; बस ही सेवा आहे की धंदा, हा प्रश्न आपल्या वार्ताहराने प्रत्येक नगरसेवकाला नावानिशी विचारावा आणि उत्तरे जशीच्या तशी छापावीत.

आणि शक्य असेल तर अंदाजपत्रकाची बातमी ज्याच्याकडे असेल त्याला त्याआधी एका सकाळी कात्रजला पाठवावे. सहाच्या सुमारास निघणाऱ्या बसमध्ये उभे राहायलाही जागा नसते. पोळ्यांची पहिली दोन घरे आठच्या आत उरकायची असतात, त्यामुळे ताई त्याच गाडीत असतात. त्यांना तुटीबद्दल विचारावे, आणि त्या काय म्हणतात ते ऐकून घेतल्यावर वर मांडलेला दुसरा रकानाही त्यांना वाचून दाखवावा. त्यानंतर त्या काय म्हणतील, ते मला आपल्या अंकात वाचायचे आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त अर्थशास्त्र शिक्षक आणि जुना वाचक
कोथरूड, पुणे